कबुलीनंतरही टिकलेले खोटे : फिलिप द शेरिझे यांची बनावट चर्मपत्रे आणि इतिहासाच्या साधनांची चिकित्सा

प्रस्तावना

इतिहास साधनांवर उभा असतो आणि साधन खोटे निघाले की त्यावर उभारलेली इमारत कोसळते, असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्षात मात्र असे नेहमीच घडत नाही. साधन खोटे असल्याचे सिद्ध झाले, एवढेच नव्हे तर ते तयार करणाऱ्याने स्वतः तशी कबुली दिली, तरीही त्यावरील इमारत उभीच राहिल्याची उदाहरणे इतिहासात आढळतात.

बनावट दस्तऐवजांचा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. खोटी राजशासने तयार करणाऱ्यांना मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात कठोर शिक्षा सांगितली आहे. सम्राट हर्षवर्धनाच्या मधुबन ताम्रपटात तर अशा एका प्रकरणाचा स्पष्ट निर्वाळाच मिळतो. वामरथ्य नावाचा ब्राह्मण बनावट ताम्रशासनाच्या आधारे सोमकुंडका हे गाव उपभोगीत होता. ते 'कूटशासन' मोडून काढून हर्षाने हे गाव नव्याने दान दिले. इ. स. ६३१ मधील ही घटना आहे. नागपूर ही ज्यांची कर्मभूमी होती त्या महामहोपाध्याय डॉ. वा. वि. मिराशी (१८९३-१९८५) यांनी वाकाटक व कलचुरी लेखांचे संपादन करताना लिपी, भाषा आणि कालगणना यांची जी काटेकोर कसोटी लावली, तिच्यामुळे विदर्भातील इतिहास-अभ्यासकाला या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रस्तुत शोधनिबंधात विसाव्या शतकातील एका फ्रेंच प्रकरणाचा विचार करण्यात आला आहे. फिलिप द शेरिझे हे जन्माने उमराव, व्यवसायाने नट आणि वृत्तीने शब्दांचे खेळाडू होते. त्यांनी रचलेली दोन चर्मपत्रे खरी मानून पुढे ग्रंथ, चित्रपट आणि कादंबऱ्या निर्माण झाल्या. शेरिझे यांचे चरित्र मांडणे हा या निबंधाचा एक हेतू आहे. कबुलीनंतरही खोटे का टिकते, या प्रश्नाचे उत्तर त्या चरित्रात शोधणे हा त्यामागील मुख्य हेतू आहे.

उमराव घराणे ते रंगभूमी

फिलिप द शेरिझे यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९२३ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे फ्रान्सच्या ईशान्येकडील लोरेन प्रांतातील. मेस शहराजवळील शेरिझे या गावावरून घराण्याला हे नाव मिळाले. घराण्यात मार्की ही उमरावपदवी वंशपरंपरेने चालत आलेली होती. फ्रेंच प्रजासत्ताकात अशा पदवीला कोणताही राजकीय अधिकार उरलेला नव्हता. वतन गेलेले असावे आणि केवळ नावामागे पदवी राहावी, अशी ती स्थिती होती. तथापि जुनी घराणी, त्यांच्या वंशावळी, त्यांची राजचिन्हे यांचे ज्ञान अशा कुटुंबात सहजच मिळते. पुढील घटनांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

शेरिझे यांनी जमीनजुमल्याचा किंवा शासकीय सेवेचा मार्ग न स्वीकारता नाट्यशिक्षण घेतले. पॅरिसमधील रने सिमाँ यांच्या प्रसिद्ध अभिनयवर्गात ते शिकले आणि 'आमेदे' हे नाव धारण करून रंगमंच, नभोवाणी व चित्रपट या क्षेत्रांत वावरले. रने क्लेमाँ यांच्या १९५२ च्या, 'निषिद्ध खेळ' अशा अर्थाच्या शीर्षकाच्या गाजलेल्या चित्रपटात त्यांची एक छोटी भूमिका आहे. १९५० च्या दशकात रोलां द्युबियार या नाटककाराबरोबर त्यांनी नभोवाणीवर 'ग्रेग्वार आणि आमेदे' या जोडीचे विनोदी संवाद सादर केले. साधे शब्द घेऊन त्यांचा अर्थ उलटापालटा करीत जाणे, तर्काला तर्काच्याच वाटेने हास्यास्पद ठिकाणी नेणे, हे या संवादांचे स्वरूप होते. द्युबियार यांनी पुढे या संवादांना रंगभूमीवर आणि ग्रंथरूपात स्थान मिळवून दिले. शेरिझे यांच्या वाट्याला मात्र नट म्हणून मोठी कीर्ती आली नाही.

वंशावळींचे ज्ञान, दुसऱ्याच्या भूमिकेत शिरण्याची सवय आणि शब्दखेळांची आवड या तीन गोष्टी त्यांच्या ठिकाणी एकत्र आल्या होत्या. यांपैकी एकही गोष्ट स्वतंत्रपणे दोषास्पद नाही. त्यांना एकत्र आणून कामाला लावणारा मनुष्य भेटला, तेव्हा त्यांतून बनावट इतिहास जन्माला आला.

प्लांतार यांची भेट

हा मनुष्य म्हणजे पिएर प्लांतार (१९२०-२०००). सामान्य कुटुंबात जन्मलेल्या प्लांतार यांना राजवंशाचे विलक्षण आकर्षण होते. १९५६ मध्ये त्यांनी काही मित्रांसह स्वित्झर्लंडच्या सीमेलगतच्या आनमास येथे 'प्रिअरी ऑफ सायन' नावाची संस्था स्थापन केली. जवळच्या एका टेकडीच्या नावावरून संस्थेला हे नाव देण्यात आले होते. ही छोटी संस्था अल्पकाळातच थंडावली. तथापि १९६० च्या दशकात प्लांतार यांनी तिला नवा आणि भव्य भूतकाळ देण्यास प्रारंभ केला. ही संस्था धर्मयुद्धांच्या काळात जेरुसलेममध्ये स्थापन झाली, फ्रान्सच्या मेरोव्हिंजियन राजवंशाचे गुप्त वारस तिने सांभाळले आणि स्वतः प्लांतार हे त्या वंशाचे वारस आहेत, असा हा दावा होता. मेरोव्हिंजियन राजा दुसरा दागोबेर याची इ. स. ६७९ मध्ये हत्या झाली होती. प्लांतार यांची कथा याच राजापासून सुरू होते.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. ज्याच्याकडे खरी उमरावपदवी होती, तो शेरिझे आपली पदवी बाजूला ठेवून नट झाला. ज्याच्याकडे पदवी नव्हती, त्या प्लांतार यांना राजा व्हावयाचे होते. खऱ्या मार्कीने खोट्या राजासाठी कागद तयार करावेत, असा हा योग होता.

रेन-ल-शातो आणि खजिन्याची कथा

प्लांतार यांच्या दाव्याला एका गावाची आणि एका गूढ कथेची गरज होती. दक्षिण फ्रान्समधील रेन-ल-शातो हे डोंगरावरील खेडे त्यांना आयते मिळाले. या गावी १८८५ मध्ये बेरांजे सोनिएर (१८५२-१९१७) हे धर्मगुरू म्हणून आले. त्यांनी पडके देवालय दुरुस्त केले, एक प्रशस्त निवासस्थान आणि एक मनोरा बांधला. गरीब गावच्या धर्मगुरूकडे इतका पैसा कोठून आला, हा प्रश्न लोकांना पडणे स्वाभाविक होते. त्याचे उत्तरही उपलब्ध आहे. मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या नावाखाली सोनिएर यांनी दूरदूरच्या भाविकांकडून पैसे स्वीकारले आणि त्यांची संख्या एवढी होती की त्या सर्व प्रार्थना करणे शक्यच नव्हते. १९१० व १९११ मध्ये कार्कासोन येथील धर्मपीठासमोर त्यांच्यावर याच आरोपावरून कारवाई झाली.

हे उत्तर नीरस असल्यामुळे विसरले गेले. सोनिएर यांची मालमत्ता पुढे नोएल कोर्ब्यु यांच्या ताब्यात आली. त्यांनी १९५५ मध्ये तेथे उपाहारगृह सुरू केले आणि येणाऱ्या पाहुण्यांना ते खजिन्याची कथा सांगू लागले. जानेवारी १९५६ मध्ये एका प्रादेशिक दैनिकाने ती छापली. सोनिएर यांना देवालयाच्या जुन्या खांबात काही लेख सापडले, असे कथेत म्हटले होते. परंतु हे लेख कोणी पाहिलेले नव्हते. शेरिझे यांनी नेमकी हीच उणीव भरून काढली.

चर्मपत्रांची रचना

शेरिझे यांनी दोन लेख तयार केले. अभ्यासकांमध्ये ते 'मोठे' आणि 'लहान' चर्मपत्र म्हणून ओळखले जातात. दोन्हींवर बायबलच्या नव्या करारातील लॅटिन उतारे आहेत. मोठ्यावर योहानाच्या शुभवर्तमानातील, तर लहानावर प्रामुख्याने लूकच्या शुभवर्तमानातील उतारा आहे. अक्षरे जुन्या वळणाची आहेत. मात्र मजकुरात जागोजाग जादा अक्षरे घुसविलेली आहेत आणि काही अक्षरे ओळीपेक्षा किंचित वर लिहिलेली आहेत.

लहान चर्मपत्रातील वर उचललेली अक्षरे क्रमाने वाचली असता दागोबेर राजा, सायन आणि खजिना यांचा उल्लेख असलेले फ्रेंच वाक्य मिळते. मोठ्या चर्मपत्रातील संदेश शोधणे अधिक कठीण आहे. जादा अक्षरे वेगळी काढून ती सूत्रशब्दांच्या साहाय्याने अनेकदा बदलावी लागतात आणि अखेरीस बुद्धिबळाच्या पटावर घोड्याच्या चालीने मांडावी लागतात. यातून निघणाऱ्या वाक्यात पूसँ आणि तेनिए या चित्रकारांची नावे येतात. या संदेशाचा सरळ अर्थ लागत नाही, आणि तेच त्याचे बळ ठरले. अर्थ न लागणारे वाक्य वाचकाला पुनःपुन्हा आपल्याकडे ओढून घेते.

हे लेख अठराव्या शतकाच्या अखेरीस गावचे धर्मगुरू आंत्वान बिगू यांनी लिहून लपविले, अशी कथा रचण्यात आली. नभोवाणीवर आमेदेचे सोंग वठविणाऱ्या नटाने आता मृत धर्मगुरूचे सोंग घेतले होते. फरक इतकाच की नाटकाच्या प्रेक्षकाला आपण नाटक पाहत आहोत हे ठाऊक असते. या नवीन प्रेक्षकाला ते ठाऊक नव्हते.

छापील ग्रंथ आणि ग्रंथालयाचा आधार

१९६७ मध्ये जेरार द सेद यांनी रेन-ल-शातो येथील कथित सुवर्णावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात या दोन चर्मपत्रांची चित्रे छापली. याच वर्षी 'आंरी लोबिनो' या टोपणनावाने 'गुप्त दप्तरे' अशा अर्थाच्या शीर्षकाचे एक बाड पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दाखल करण्यात आले. त्यात बनावट वंशावळी होत्या आणि प्रिअरीच्या कथित प्रमुखांची यादी होती. लिओनार्दो दा विंची, आयझॅक न्यूटन, व्हिक्टर ह्युगो, झाँ कोक्तो अशी नावे या यादीत होती.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ग्रंथालय दाखल झालेले कागद जपून ठेवते. त्यांतील मजकूर खरा असल्याची ग्वाही देत नाही. तथापि सर्वसामान्य वाचकाला राष्ट्रीय ग्रंथालयाचा क्रमांक हाच पुरावा वाटतो. प्लांतार व शेरिझे यांनी या समजुतीचा अचूक उपयोग करून घेतला. स्वतः कागद लिहावयाचे, ते ग्रंथालयात ठेवावयाचे आणि नंतर ते दुसऱ्या कोणाला तरी 'सापडावेत' अशी व्यवस्था करावयाची, ही त्यांची पद्धत होती.

कबुली आणि तिचे भवितव्य

ग्रंथ खपला आणि मानधनाच्या वाटणीवरून द सेद यांचे प्लांतार व शेरिझे यांच्याशी बिनसले. या वादाच्या ओघात चर्मपत्रे आपण तयार केली, असा हक्क शेरिझे यांनी सांगितला. म्हणजे ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर अल्पावधीतच सत्य बाहेर पडण्यास सुरुवात झाली होती. 'दगड आणि कागद' अशा अर्थाच्या शीर्षकाच्या टिपणात तर त्यांनी आपली कृती कशी केली हे सविस्तर लिहून ठेवले. हे टिपण झाँ-ल्युक शोमेय या पत्रकाराकडे होते.

परंतु तोपर्यंत कथेने सीमा ओलांडली होती. इंग्लंडमधील हेन्री लिंकन यांनी बी.बी.सी.साठी या विषयावर १९७२, १९७४ आणि १९७९ मध्ये माहितीपट केले. चर्मपत्रे शेरिझे यांनी रचल्याचे त्यांच्या कानावर आले होते. तथापि ती कोणत्या तरी खऱ्या मूळ प्रतीवरून केली असावीत, या पळवाटेने विश्वास वाचविला गेला. १९८२ मध्ये लिंकन यांनी मायकेल बेजंट व रिचर्ड ली यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात मेरोव्हिंजियन वंशाचा संबंध थेट येशू ख्रिस्ताशी जोडण्यात आला. ही भर मूळ बनावटगिरीत नव्हती. खोट्या कागदावर दुसऱ्यांनी आपल्या कल्पनेने मजला चढविला होता.

१७ जुलै १९८५ रोजी वयाच्या ६२ व्या वर्षी शेरिझे यांचे निधन झाले. पुढे १९९३ मध्ये एका न्यायालयीन तपासात प्लांतार यांनीही शपथेवर आपला बनाव मान्य केला. असे असतानाही २००३ मध्ये डॅन ब्राउन यांची 'द दा विंची कोड' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिच्या आरंभीच 'तथ्य' या मथळ्याखाली प्रिअरी व 'गुप्त दप्तरे' खरी असल्याचे सांगितले गेले. कादंबरीतील खून झालेल्या पात्राचे आडनावही सोनिएर आहे. तिचा मराठीतही अनुवाद झाला. २००६ मध्ये तिच्यावरील चित्रपट भारतात आला, तेव्हा तो कल्पित असल्याची सूचना दाखविणे बंधनकारक करण्यात आले आणि गोव्यासह काही राज्यांनी त्यावर बंदी घातली. पॅरिसमधील एका नटाने केलेल्या शब्दखेळाची लाट अशा रीतीने आपल्या शेजारपर्यंत येऊन पोहोचली.

या खेळाची झळ मूळ गावालाही बसली. खजिना शोधणाऱ्यांच्या उपद्रवामुळे रेन-ल-शातो येथे खोदकामावर १९६५ मध्येच बंदी घालावी लागली होती. परिसरातील एक खासगी समाधी, ती पूसँच्या चित्रातील समाधीसारखी दिसते म्हणून होणाऱ्या त्रासाला कंटाळून मालकाने १९८८ मध्ये पाडून टाकली. सोनिएर यांचे अवशेष २००४ मध्ये गावच्या दफनभूमीतून दुसरीकडे हलविण्यात आले.

चर्मपत्रांचे परीक्षण

इतिहासशास्त्रात साधनाचे बहिरंग व अंतरंग असे दुहेरी परीक्षण केले जाते. शेरिझे यांची कबुली क्षणभर बाजूला ठेवली, तरी या दोन्ही कसोट्यांवर चर्मपत्रे टिकत नाहीत.

बहिरंग परीक्षणाचा पहिला प्रश्न उगमाचा असतो. कागद कोणाकडे होता, कोणाकडून कोणाकडे गेला आणि तो प्रथम कोणी पाहिला? द सेद यांच्या १९६७ च्या ग्रंथापूर्वी ही चर्मपत्रे कोणीही प्रसिद्ध केलेली नव्हती. सोनिएर यांचा मृत्यू १९१७ चा आहे. मधल्या ५० वर्षांची साखळी रिकामी आहे.

अंतरंग परीक्षण अधिक निर्णायक ठरते. लहान चर्मपत्रावरील लॅटिन पाठ 'कोडेक्स बेझे' या प्राचीन हस्तलिखितातील आहे. या हस्तलिखिताच्या एका पृष्ठाचे छायाचित्र व्हिगुरू यांनी संपादित केलेल्या फ्रेंच बायबलकोशात छापलेले आहे. त्या कोशाचा पहिला खंड १८९५ चा आहे. चर्मपत्राची अक्षरे व पाठ या छापील पृष्ठाशी जुळतात. कथेप्रमाणे लेख अठराव्या शतकातील असून सोनिएर यांना ते १८९५ पूर्वीच सापडले होते. जे पृष्ठ नंतर छापले गेले, त्याची नक्कल आधीच्या लेखात कशी असू शकेल? हा एकच कालविपर्यास निकाल देण्यास पुरेसा आहे.

मराठी इतिहासातील एक समांतर घटना

कबुलीनंतरही खोटे टिकते, याचे ठळक उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात उपलब्ध आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात शंका राहिली. या शंकेचा लाभ घेऊन सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊसाहेब असल्याचे सांगू लागला. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्याला पकडून पुण्यास चौकशी करण्यात आली. तो तोतया ठरला, त्याने खोटेपणा कबूल केला आणि त्याला कैदेत टाकण्यात आले. एवढे होऊनही १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून बाहेर पडताच त्याच्याभोवती हजारोंचे सैन्य जमले आणि कोकणातील अनेक किल्ले त्याच्या हाती गेले. त्याच वर्षी त्याचा बीमोड होऊन त्याला देहान्त शिक्षा झाली.

दोन्ही प्रकरणांतील फरक उघड आहे. सुखनिधानाने स्वतःच्या देहाने सोंग घेतले; शेरिझे यांनी कागदाला सोंग दिले. एकाला सत्ता हवी होती. दुसऱ्याला मुख्यतः खेळाचा आनंद हवा होता असे दिसते. साम्य मात्र श्रोत्यांच्या मनात आहे. पानिपतच्या जखमेने व्याकुळ झालेल्या समाजाला भाऊसाहेब जिवंत असावेत असे वाटत होते. युरोपातील वाचकाला अधिकृत इतिहासामागे दडलेला दुसरा, रोमांचक इतिहास असावा असे वाटत होते. चौकशीचा निकाल ही इच्छा नाहीशी करू शकला नाही.

हा धोका लक्षात घेऊनच मराठी इतिहाससंशोधनाने आपली शिस्त घडविली. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करताना उत्तरकालीन बखरींपेक्षा समकालीन अस्सल पत्रांना महत्त्व दिले. या आग्रहामागील भूमिका हीच होती की, कथा कितीही रंगतदार असली तरी कागद कोठून आला हे प्रथम विचारले पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात.

पहिला असा की, बनावट साधनामागे नेहमी लोभच असतो असे नाही. शेरिझे यांच्या बाबतीत विनोदबुद्धी, अभिनय आणि विद्वत्ता यांचे मिश्रण होते. खेळ म्हणून रचलेले साधनही खेळाबाहेरच्या माणसांना फसविते, आणि रचणाऱ्याला त्यावर पुढे नियंत्रण ठेवता येत नाही.

दुसरा असा की, ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात कागद असणे हा त्याच्या सत्यतेचा पुरावा नव्हे. अभिलेखागारातील कागदालाही उगम, हस्तांतर आणि अंतर्गत सुसंगती या कसोट्या लावल्याच पाहिजेत.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, कबुलीवर विसंबून इतिहासकाराचे काम संपत नाही. कबुली नाकारता येते, तिच्यातून पळवाट काढता येते, कबुली देणाऱ्यावरच संशय घेता येतो. व्हिगुरू यांच्या कोशाचे १८९५ हे वर्ष मात्र कोणाला बदलता येत नाही. म्हणून बनावट साधन उघड करताना 'हे खोटे आहे' एवढे सांगणे पुरेसे नाही. ते कोणत्या साहित्यातून, केव्हा व कसे घडविले गेले हे दाखविणे आवश्यक असते.

आपल्याकडे आजही घराण्यांच्या वंशावळी, गावांच्या स्थापनेच्या कथा, संतांची व वीरांची पत्रे यांच्या नावाने नवनवीन कागद पुढे येत असतात. त्यांतील काही अस्सल असतील, काही नसतील. ज्या कागदाने आपला अभिमान सुखावतो, त्याची परीक्षा अधिक कठोरपणे करणे हेच इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे. एका फ्रेंच मार्कीने मौजेखातर रचलेल्या दोन चर्मपत्रांचा इतिहास हाच धडा देतो.